मंगळाचं परतीचं तिकीट

मंगळावर जाणं तसं जमलेलं आहे. १९७६ मध्ये दोन व्हायकिंग यानं तिथं उतरली. २०२१ मध्ये नासाचं पर्सिव्हिअरन्स हे चाकांवर फिरणारं यान (रोव्हर) उतरलं आणि वर्षानुवर्षं हिंडत राहिलं. जमलेलं नाही ते परत येणं. तिथून आजवर कुणी चिमूटभर मातीसुद्धा आणलेली नाही.

हे लिहायचं कारण म्हणजे दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी मला हटकतंच, "१९६९ साली चंद्रावर गेलो, मग इतकी वर्षं झोपा काढल्या का?" (याच्या पुढची पायरी म्हणजे "चंद्रावर तरी कुठे गेले होते!" त्या वादात मी हल्ली पडत नाही.)

मे १९६१ मध्ये केनेडींनी अमेरिकी संसदेपुढे चंद्राचं उद्दिष्ट मांडलं. माणूस उतरवायचा आणि त्याला सुखरूप पृथ्वीवर परत आणायचं, दोन्ही एकाच वाक्यात होतं. आपल्या लक्षात राहतो तो पहिला अर्धा भाग. मंगळाचं घोडं अडलंय ते दुसऱ्या अर्ध्यावर.

अपोलो १३ आठवा. एप्रिल १९७०, चंद्राच्या वाटेवर ऑक्सिजनची टाकी फुटली. चंद्राला वळसा घालून तिघं चार दिवसांच्या आत घरी आले, कारण घर चार लाख किलोमीटरच्या टप्प्यात होतं. मंगळ अगदी जवळ येतो तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो, आणि निघायची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांतून एकदा येते. जायला सहा ते नऊ महिने, मग ग्रह पुन्हा जुळून येईपर्यंत तिथं वर्ष-दीड वर्ष मुक्काम, मग परतीचा तेवढाच प्रवास. म्हणजे अडीच-तीन वर्षं. अर्ध्या वाटेत कुणाचं अपेंडिक्स दुखायला लागलं तर मागे फिरता येत नाही. ग्रह लांब असतील तेव्हा डॉक्टरांना प्रश्न विचारून उत्तर यायलाच पाऊण तास. एका दमात सगळ्यात जास्त काळ अंतराळात राहिलेला माणूस म्हणजे व्हालेरी पोल्याकोव्ह, ४३७ दिवस, आणि तेही पृथ्वीला घिरट्या घालणाऱ्या मीर स्थानकात.

उतरण्याचीही गोम आहेच. मंगळावरच्या हवेचा दाब आपल्याकडच्या एक टक्क्याहूनही कमी. वेगानं येणारं यान तापवायला तेवढी हवा पुरते, पॅराशूटवर अलगद उतरवायला पुरत नाही. आजवर उतरवलेला सगळ्यात जड रोव्हर एक टनाचा. माणसं, त्यांचं सामान आणि परतीचं रॉकेट म्हटलं की गोष्ट वीस-वीस टनांवर जाते.

आणि त्या रॉकेटचं इंधन? चंद्रावरून सुटायला सेकंदाला २.४ किलोमीटर वेग लागतो, मंगळावरून ५. सगळं इंधन इथून वाहून न्यायचं तर निघतानाचं ओझं भलतंच वाढतं. म्हणून निदान इंधन जाळायला लागणारा ऑक्सिजन तरी तिथल्या हवेतून काढायचा, ही कल्पना मला मनापासून आवडते. पर्सिव्हिअरन्सवरच्या मॉक्सी या यंत्रानं ते करून दाखवलंय. दोन वर्षांत १६ वेळा चालवून एकूण १२२ ग्रॅम. एका माणसाला तीन-साडेतीन तास पुरेल एवढा. रॉकेटला टनांनी लागतो.

पैशाचं कारणही खोटं नाही. १९६६ च्या सुमारास अमेरिकी अर्थसंकल्पातले चार टक्क्यांहून जास्त पैसे नासाला मिळत, आता अर्धा टक्काही नाही. १९६९ मध्ये नासाचा रॉकेटतज्ज्ञ फॉन ब्राउन यानं १९८२ साली मंगळावर माणूस उतरवायची योजना मांडली होती, ती बासनात गेली. पण फक्त पैसे ओतले असते तर आज तिथं वस्ती असती, हे मला पटत नाही. (बाकी ग्रहांचं तर बोलायलाच नको. शुक्रावर १९८२ मध्ये व्हेनेरा १३ हे धातूचं यान जेमतेम दोन तास टिकलं.)

यावर "मग एकेरी तिकीट काढा की, जायला तयार असलेले लोक आहेत" असं म्हणणारेही भेटतात. असतील तयार. पाठवणाऱ्यांनी तयार होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लोक ज्याला रखडणं म्हणतात, त्यातल्या बऱ्याच भागाला मी शहाणपण म्हणतो.

पर्सिव्हिअरन्सनं मंगळाचे दगड-माती नळ्यांत भरून सीलबंद करून ठेवलेत. काही नळ्या तर तिथं जमिनीवर नुसत्या पडून आहेत. त्यातली एक इथं आली, की माणसाच्या तारखेबद्दल बोलू.