पितळी पिनांनी गिटार लाखाची होत नाही

"मावशी, तुझ्याकडचं ड्रिल मशीन दे ना, गिटारच्या ब्रिजची भोकं जरा मोठी करायचीत." कोथरूडहून भाच्याचा हा फोन आला आणि माझं डोकं फिरलं. ब्रिज म्हणजे गिटारच्या पोटावरची, तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी; तिच्या भोकांत तारांची टोकं जागेवर ठेवायला पिना खोचतात. ऑनलाइन मागवलेल्या पितळी पिना त्याच्या गिटारमध्ये बसेनात. हे खूळ कुठून आलं ते विचारलं, तर त्याने एक व्हिडिओ पाठवला. तोच व्हिडिओ माझ्याकडे शिकणाऱ्या तिघाचौघांकडेही पोचलाय. त्यातला दावा असा: साध्या गिटारला पितळेच्या ब्रिज-पिना, हाडाचा नट (मानेच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती छोटी पट्टी), जड ट्यूनिंग की (तारा पिळायच्या खुंट्या) आणि जाड तारा लावा, दहा हजारांची गिटार लाखाच्या गिटारीसारखी वाजेल. वर सल्ला, की पिना बसत नसतील तर भोकं ड्रिलने थोडी वाढवा.

आधी या ड्रिलबद्दलच बोलते, कारण बाकी चुकांत पैसे जातात, इथे गिटारच जाते. ब्रिजची भोकं सरळ नसतात, ती वरून खाली निमुळती होत जातात आणि पिनही तशीच निमुळती असते. दोघांचा उतार जुळला तरच पिन घट्ट बसते. तो जुळवायला निमुळता रीमर (भोक घासून वाढवायचं हत्यार) हाताने, थोडा थोडा फिरवावा लागतो. घरातल्या ड्रिलने सरळ भोक पडतं, मग पिन डुगडुगते आणि तार ताणली की वर येते. शिवाय पिनेने तार ओढून धरायची नसते. तारेच्या टोकाचा गोळा टॉपच्या (गिटारच्या पुढच्या फळीच्या) आतल्या ब्रिज-प्लेटखाली, म्हणजे ब्रिजच्या खाली आतून चिकटवलेल्या पट्टीखाली, अडकला पाहिजे, पिनेने त्याला फक्त जागेवर ठेवायचं. स्वस्त गिटारमध्ये ही प्लेट अनेकदा प्लायची असते. ड्रिलने तिचे तुकडे उडाले की गोळ्याला धरायला जागाच उरत नाही. त्यात सहा भोकं एका ओळीत, पोस्टाच्या तिकिटांच्या कडेसारखी, आणि सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या पुढे. भोकं मोठी केली की मधलं लाकूड कमी होतं आणि चीर नेमकी तिथूनच जाते.

आता आवाज. पितळ प्लास्टिकपेक्षा साधारण आठपट जड असतं, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या पिनांनी ब्रिजवर वजन वाढतं. गिटार बनवणारे टॉप आणि ब्रिज हलके राहावेत म्हणून धडपडतात, कारण आवाज त्यांच्या हलण्यातून येतो. तिथे वजन टाकलं की टॉप कमी हलतो, तारेतली ऊर्जा सावकाश बाहेर पडते. त्यामुळे नाद किंचित जास्त रेंगाळतो, हे मला मान्य करावं लागतं. पण बोटाने दिलेली ऊर्जा तेवढीच असते. नाद लांबला तर आवाजाचा जोर तेवढा कमी होतो. याला कुणी सुधारणा म्हणावं, कुणी बिघाड. गिटार लाखाची मात्र यातून होत नाही.

मग व्हिडिओत 'आधी' आणि 'नंतर' इतका फरक का ऐकू येतो? पिना बदलायच्या तर तारा काढाव्याच लागतात, आणि परत लावताना माणूस नव्या तारा लावतो. घाम आणि मळ बसलेल्या जुन्या तारांचा आवाज मेलेला असतो, नव्यांचा खणखणीत. फरक तारांनी केला, श्रेय पिनांनी घेतलं.

ऐकणाऱ्याच्या डोळ्यांचाही यात वाटा आहे. लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच रचनेच्या सहा गिटारी, फरक फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडात: ब्राझिलियन रोझवुड, भारतीय रोझवुड, मॅपल, महोगनी वगैरे. ५२ वादकांनी त्या अंधुक उजेडात, वेल्डरचे गॉगल लावून वाजवल्या. त्यांनी दिलेल्या गुणांमध्ये महागड्या आणि स्वस्त लाकडात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. प्रयोग पिनांवर नव्हता, हे खरं. पण अख्खी पाठ बदलूनही कसलेल्या वादकांची ही गत, तर चकाकणाऱ्या पिना बघत बघत ऐकलेल्या फरकावर कुणी किती भरवसा ठेवावा?

हाडाच्या नटचं थोडक्यात. तुम्ही फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) बोट दाबलं की तारेचा वाजणारा भाग त्या फ्रेटपासून सुरू होतो, नट त्यातून बाहेर पडतो. म्हणजे जो काही फरक पडेल तो मोकळ्या तारांपुरता. ट्यूनिंग की चांगल्या असल्या तर सूर बारकाईने लावता येतो, गिटारचा मूळ आवाज त्याने पालटत नाही. जाड तारांनी आवाज मोठा होतो, तेवढं बरोबर. पण १३ च्या सेटचा (ज्यातली सर्वांत बारीक तार ०.०१३ इंच जाड असते) ताण ८० किलोच्या पुढे जातो, आणि स्वस्त गिटारचा टॉप फुगला की अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वर चढते आणि बोटं सोलवटतात.

सॅडलची, म्हणजे ब्रिजच्या खाचेत बसवलेल्या, तारा टेकतात त्या पट्टीची, गोष्ट वेगळी, आणि तिचं नाव व्हिडिओत नाहीच. तारेचं कंपन सॅडलमधूनच टॉपमध्ये उतरतं, त्यामुळे तिथली कारागिरी ऐकू येते. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो तेव्हा घोडी (तारा टेकतात तो तुकडा) तीच असते, तिचा पृष्ठभाग घासून तारेचा स्पर्श बदलतो, आणि अख्खा नाद बदलतो. गिटारमध्ये जवारी काढत नाहीत, पण स्पर्शाचं महत्त्व इथेही आहे. सॅडलचा तळ सपाट हवा, तो खाचेत न डुगडुगता पूर्ण टेकला पाहिजे. हाडाचा सॅडल जरूर घ्या, पण तो बसवणारा हात चांगला हवा.

पुण्यातल्या पावसाळ्याचं तर कुणी बोलतच नाही. जुलैत लाकूड ओलावा धरतं, टॉप जड होतो, आवाज दबतो. गिटारच्या आसपास ४५ ते ५५ टक्के आर्द्रता असावी. केसमध्ये सिलिका जेल ठेवा, पिनांपेक्षा जास्त उपयोग होईल.

एवढं सांगूनही पितळावर विश्वास असेल, तर त्याच तारा ठेवून फक्त पिना बदला. फोन स्टँडवर एकाच जागी ठेवा, दोन्ही वेळा तीच कॉर्ड वाजवून रेकॉर्ड करा आणि तुकडे दुसऱ्या कुणालातरी उलटसुलट क्रमाने वाजवायला सांगा. दहापैकी नऊ वेळा पितळ ओळखलंत, तर पिना खुशाल ठेवा.