डावणीला घाबरणारे मामा बीपीला का घाबरत नाहीत?

निफाड तालुक्यात माझ्या मामांची ३ एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ नुसतं भरून आलं तरी पावसाआधी त्यांचा फवारणीचा ब्लोअर बागेत फिरतो, डावणी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीनं. "डावणी डोळ्याला दिसली म्हणजे उशीर झाला," हे मी लहानपणापासून ऐकतेय. पारा ५ अंशांवर आला की रात्रभर शेकोट्या. बागेच्या बाबतीत मामा कसलीच रिस्क घेत नाहीत.

मागच्या वर्षी त्यांचं बीपी १७०/१०० निघालं. गोळ्या सुरू झाल्या. दिवाळीत ट्रॅक्टरचा टूलबॉक्स उघडला तर पान्यांखाली गोळ्यांची पट्टी, फक्त दोन काढलेल्या. विचारलं तर म्हणाले, "अगं, डोकं दुखत नाही, चक्कर नाही. मला काय झालंय?"

खूप राग आला होता. पण अशा माणसाला 'बेफिकीर' म्हणून मोकळं होणं चूक आहे, असं आता मला ठामपणे वाटतं. एल्के वेबर या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हेच दाखवलं होतं: पैशाच्या बाबतीत जपून वागणारा माणूस तब्येतीच्या बाबतीतही तसाच वागेल असं नाही. नाशिकच्या गंगापूर रोडला बघा की. आयुष्यभर एफडीपलीकडे न गेलेले काका हेल्मेट हाताला अडकवून गाडी चालवतात!

मामांनी डावणीनं गेलेली बाग डोळ्यांनी पाहिलीय. बीपी मात्र दुखत नाही, खुपत नाही, आतल्या आत रक्तवाहिन्या, किडनी, हृदय खराब करत राहतं. शिवाय फवारणी केली की आपण बाग सांभाळली असं वाटतं, आणि गोळी घेतली की आपण पेशंट झालो असं. धडधाकट माणसाच्या हे दुसरं फार मनाला लागतं. त्याला लकव्याची भीती घालून उपयोग होत नाही, तो फक्त विषय बदलतो. मामांनी तर दर वेळी बदलला.

शेवटी मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. "मामा, डावणी दिसायच्या आत फवारता ना? मग ही गोळी म्हणजे तेच आहे." ते काही बोलले नाहीत. मी त्यांची फवारणीची वही घेतली आणि औषध, प्रमाण, तारीख या रकान्यांशेजारी पट्टीनं रेघ मारून आणखी एक रकाना आखला. बीपीचं मशीन तिथेच ओट्यावर ठेवून आले.

काल रात्री फोन आला. आधी पाच मिनिटं ढगाळ हवेबद्दल बोलले. मग म्हणाले, "१४२/८८. लिहून ठेवलंय."