१९९७ चा हिसमन मॅनिंगकडून कुणी हिरावला नव्हता

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधल्या मोसमाच्या सर्वोत्तम खेळाडूला मतदानाने दिल्या जाणाऱ्या हिसमन करंडकाचे दिवस आले की एक जुनी तक्रार हमखास वर येते. १९९७ चा करंडक खरं तर टेनेसी विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) पेटन मॅनिंगचा. मिशिगनच्या चार्ल्स वुडसनने चार पंट (समोरच्या संघाने लाथेने दूर मारलेले चेंडू) पळवले, थोडे झेल घेतले आणि टीव्हीवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं, एवढंच! टेनेसीच्या चाहत्यांचं दुःख कळतं, पण दावा टिकत नाही.

आधी पंटचं घेऊ, कारण त्यात थोडं तथ्य आहे. वुडसन कॉर्नरबॅक, म्हणजे बचावपटू. समोरच्या सर्वोत्तम रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) झेल मिळू न देणं हे त्याचं मुख्य काम. २२ नोव्हेंबरला ॲन आर्बरमध्ये ओहायो स्टेटविरुद्ध तो पंट घेऊन ७८ यार्ड पळाला, टचडाउन झाला (गोलरेषा ओलांडून गुण मिळाले) आणि मतदारांच्या नजरेत भरला, हे मान्य. पण त्याच सामन्यात त्याने ओहायो स्टेटचा एक पास एंड झोनमध्ये (गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात) पकडला होता, हे तक्रारदार सांगत नाहीत. मिशिगन २०-१४ असं जिंकलं. त्याआधी महिनाभर, मिशिगन स्टेटच्या क्वार्टरबॅकने जवळजवळ मैदानाबाहेर भिरकावलेला चेंडू त्याने हवेत झेपावून एका हाताने घेतला आणि पाय रेषेच्या आत टेकवला. मला तरी त्या मोसमातलं सगळ्यात चांगलं दृश्य तेच वाटतं, पंट नव्हे.

आणि इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांचे मधेच पकडलेले पास, तरी मोजता येतात. कॉर्नरबॅकचं मोठं काम मोजता येत नाही, कारण चांगल्या कॉर्नरच्या बाजूला पास टाकायलाच क्वार्टरबॅक कचरतात. बॅकवर्ड पॉइंटला जॉन्टी ऱ्होड्स उभा असला की फलंदाज एकेरी धाव चोरायला धजत नसत. ती न काढलेली धाव कुठल्या धावफलकावर दिसली? केवळ बचावासाठी दिले जाणारे नागुर्स्की आणि बेडनारिक, शिवाय डिफेन्सिव्ह बॅकसाठीचा (मागच्या फळीतल्या बचावपटूसाठीचा) थॉर्प, हे तिन्ही पुरस्कार त्या वर्षी वुडसनलाच मिळाले. ते काही पंट पळवण्याबद्दल नव्हते.

पंट नसते तर हिसमन मिळाला असता का? बहुधा नाही. पण हा दोष निव्वळ बचावपटूला डावलण्याच्या करंडकाच्या सवयीचा आहे, वुडसनचा नाही. २००९ मध्ये नेब्रास्काच्या एंडामुकाँग सूने बचावात धुमाकूळ घातला, तरी तो चौथा आला. २०१२ मध्ये नोटर डेमचा मँटाय टेओ दुसरा. २०२४ चा विजेता ट्रॅव्हिस हंटर तर दोन्ही बाजूंनी पूर्णवेळ खेळणारा.

मॅनिंगचे आकडे मोठे होते, यात वाद नाही: साडेतीन हजारांहून अधिक यार्ड, वर एसईसी या दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या लीगचं विजेतेपद. पण चार वर्षांच्या सेवेचं पदक म्हणून हिसमन देत नाहीत, तो त्या मोसमासाठी असतो. त्या मोसमात फ्लोरिडाने टेनेसीला ३३-२० असं हरवलं होतं, तर मिशिगन मतदानापर्यंत अजिंक्य होतं, आणि ते मुख्यतः बचावाच्या जोरावर.

पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये मॅनिंग किती मोठा झाला, हा मुद्दा इथे गैरलागू. तरीही मोजायचंच असेल तर वुडसनची ६५ इंटरसेप्शन आणि २००९ चा सर्वोत्तम बचावपटूचा मान मोजा. हॉल ऑफ फेममध्ये दोघे एकाच वर्षी गेले, २०२१ मध्ये.

राहिला टीव्हीचा कट. वुडसनला १,८१५ गुण, मॅनिंगला १,५४३. पहिल्या पसंतीची मतं ४३३ विरुद्ध २८१. मतदारांचे सहा विभाग, त्यांतले पाच वुडसनने जिंकले. मॅनिंगला मिळाला तो एकच, दक्षिणेचा, म्हणजे त्याचा घरचा. पक्षपातच शोधायचा असेल तर सुरुवात तिथूनही करता येईल.