सकाय सांगसू

अमळनेरचं घर विकायला काढलं तेव्हा गिऱ्हाईक मिळेल की नाही, याची मला काळजी होती. गिऱ्हाईक मिळालं. आता तेच सापडत नाही.

घर धाब्याचं आहे. सागाचे खांब, वर लाकूडफाटा, त्यावर मातीचा जाड थर, आणि दर पावसाळ्याआधी त्या थरावर खारी माती टाकायची. नाही टाकली तर छत थोडं थोडं करून स्वयंपाकघरात उतरतं. वडील गेले, आई आमच्याकडे जळगावला आली आणि घराला कुलूप लागलं. म्हणून विकायचं.

गिऱ्हाईक म्हणून आप्पा आले ते बरोबर आखाजीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. बोरी नदीपलीकडच्या गावचे, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. चपला ओट्याखाली काढून थेट खांबापाशी गेले आणि बोटाच्या पेरानं टकटक करून ऐकत राहिले, टरबूज घेताना करतात तसं. "लाकूड बोलतंय भाऊ," म्हणाले. 51 हजार रुपये इसार दिला, पाचशेच्या स्टॅम्पवर पावती झाली, तीन महिन्यांत खरेदीखत करायचं ठरलं. घर दाखवायला म्हणून आम्ही सगळेच तिथे गेलो होतो, तेव्हा आईनं त्या चुलीवर शेवटचं म्हणून खापर चढवलं. खापराच्या पुरणपोळ्या आणि आमरस. ती पोळी केवढी असते हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. एक संपवताना माणूस दोनदा श्वास घ्यायला थांबतो. आप्पांनी तीन खाल्ल्या. या व्यवहारात त्यांनी पूर्ण केलेलं तेवढं एकच काम.

अक्षय्य तृतीयेला केलेल्या कामाला क्षय नसतो म्हणतात. आमच्या व्यवहाराला तो अजून लागलेला नाही.

पहिल्या महिन्यात फोन उचलायचे. "हा भाऊ! पैसाचंच चालू आहे. सकाय सांगसू." बायको सांगलीची. तिला वाटलं, उद्या सकाळी फोन येणार. तिनं दुसऱ्या दिवशी मला सकाळी दूध आणायला सोडलं नाही. मी तिला समजावलं की अहिराणीत सकाय म्हणजे सकाळ नव्हे, उद्या. हल्ली ती मला समजावते की सकाय म्हणजे उद्याही नव्हे.

दुसऱ्या महिन्यापासून फोन नुसता वाजायला लागला. त्यांनी कॉलर ट्यूनला एक भजन लावलंय. ते आता मला पाठ आहे. आंघोळ करताना तोंडात येतं, आणि न्हाणीबाहेरून आई टाळ्या धरते. तिला वाटतं, पोरगं उशिरा का होईना देवाला लागलं.

व्हॉट्सअॅपवर मात्र आप्पा रोज भेटतात. मी लिहितो, "आप्पा, नमस्कार, कसं काय?" दोन निळ्या रेघा. "आप्पा, खरेदीची तारीख?" दोन निळ्या रेघा. आणि पाच मिनिटांत त्यांचं स्टेटस बदलतं. शेतातली भरीत पार्टी, तुराट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, मधोमध आप्पा. कुणाच्या तरी हळदीत नाचणारे आप्पा. बैलाला झूल चढवलेली, शेजारी आप्पा. या माणसाचं सगळं वर्ष मी पाहिलंय. त्यांच्या पुतण्याला कितवी लागली हेही मला माहीत आहे. फक्त माझं घर ते घेणार आहेत का, एवढंच माहीत नाही.

दलाल म्हणाला, थोडं थांबा. सगळेच म्हणाले, थांबा. आता अमळनेरात थांबण्याबद्दल काही बोलायची सोयच नाही. 1945 साली याच गावात खाद्यतेलाची एक कंपनी निघाली, तिची पुढे विप्रो झाली. जे शेअरचे कागद पेटीच्या तळाशी ठेवून विसरून गेले त्यांचं भलं झालं, ज्यांनी गरजेपायी विकले ते अजून हळहळतात. त्यामुळे इथे लहान पोरालाही ठाऊक आहे की शहाणा माणूस विकत नाही, तो थांबतो. विकायला बसलेला मी एकटाच मूर्ख.

शेवटी एके दिवशी सकाळच्या गाडीनं गेलो, तिथून रिक्षानं त्यांच्या गावी. दारात त्याच चपला. पुढची खोली जमिनीपासून तुळईपर्यंत कापसानं भरलेली. 2022 साली कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, आणि तेव्हापासून खान्देशात कित्येक घरांत माणसं पडवीत अन् कापूस माजघरात असं चालू आहे. भाव येईल म्हणून. माझे पैसे त्या ढिगात होते, हे मला दारातच कळलं.

"आप्पा शेतात गेले," वहिनी म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. मी सहज म्हणून फोन लावला. माझ्या कानात भजन सुरू झालं आणि समोर कापसाच्या ढिगामागून घंटी. मऊ, दबलेली, कुणी गादीखाली कोंबडा कोंडावा तशी. मग बंद झाली.

"फोन घरीच राहिला वाटतं," वहिनी आतून म्हणाल्या.

मी चहा घेतला. चहा फार चांगला होता, आलं घातलेला. निघताना उंबऱ्यात असतानाच मेसेज आला, "भाऊ शेतात आहे. सकाय सांगसू." ढिगामागे कुणीतरी शिंकलं. मी मागे वळून पाहिलं नाही. इतक्या जवळून माणसाला खोटं पाडणं माझ्यानं होत नाही, आणि बहुधा हेच आप्पांचंही आहे. त्यांना "नाही" म्हणता येत नाही. शंभर किलोचं पोतं ते एकटे उचलतील, पण ही दोन अक्षरं उचलत नाहीत. घरी येईपर्यंत माझी मान, दंड आणि पाठ खाजत होती. व्यवहारात कापूस माझ्या वाट्याला आला तो एवढाच.

वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "दुसऱ्याला परस्पर विकू नका. खरेदी करून द्या म्हणून दावा लावायला त्यांना तीन वर्षांची मुदत असते. आधी पोस्टानं रीतसर नोटीस द्या, मुदत द्या, पावती रद्द करा, मग मोकळे." मसुदाही करून दिला. छान होता, त्यात आप्पांना "सदर इसम" म्हटलं होतं. मी तो आईला वाचून दाखवला.

"तीन पोया खाल्या त्यानी आपल्या घरी," आई म्हणाली. "त्याले नोटीस धाडशी?"

मसुदा फ्रिजवर आहे, चुंबकाखाली.

दरम्यान एक पावसाळा गेला. खारी कुणी टाकायची, हे ठरलंच नव्हतं. मला वाटलं, घर आता त्यांचं. त्यांना वाटलं असणार, अजून माझंच. पावसाला कुणीही चाललं असतं. देवघराच्या भिंतीवर ओल आली, मोरीजवळची एक कडी वाकली.

यंदा दुसरी आखाजी झाली, आणि परवा चक्क आप्पांचा फोन आला. त्यांचा! मला. हात थरथरले. बायकोनं गॅस बंद केला.

"भाऊ, मिरग तोंडावर आला. धाब्यावर खारी टाकून घ्या बरं का. आपल्याला गळकं घर नको."

"आप्पा, पण खरेदी..."

"आवाज येत नही भाऊ. सकाय बोलू." ठेवला.

मी भांडायला हवं होतं. पण मी काय केलं, तर रविवारी अमळनेरला गेलो, एक ट्रॉली खारी आणि दोन मजूर ठरवले आणि टळटळीत उन्हात दिवसभर धाब्यावर उभा राहिलो. चोपून झालेली पांढरी माती इतकी सुंदर दिसत होती की घर विकायचंय हे घटकाभर विसरलो. फोटो काढून आप्पांना पाठवला.

दोन निळ्या रेघा आल्या. आणि त्यांच्या खाली, वर्षभरात पहिल्यांदा, माझ्या मेसेजला उत्तर आलं. अंगठा.

"म्हणजे हो का?" बायकोनं विचारलं.

हा अंगठा खरं तर दुय्यम निबंधकासमोर मशीनवर लागायला हवा होता. मी तिला म्हटलं, सकाय सांगतो.