आईचा पुठ्ठा

रात्रीचे पावणेबारा झालेत. आई आत्ता कुठे झोपली. मला झोप येणार नाही, म्हणून लिहितेय. लांबेल, सांभाळून घ्या.

आज संध्याकाळी माझ्या ७३ वर्षांच्या आईला पोलिसांनी व्हॅनमध्ये घालून नेलं. ३१ वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई आहे ती. मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका रेल्वे स्टेशनबाहेर ती आणि तिच्या ओळखीतले आठ जण, बहुतेक तिच्याच वयाचे, हातात पुठ्ठे धरून गप्प उभे होते. आईच्या पुठ्ठ्यावर तिच्या त्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'युद्ध नको. गाझातली मुलं आपलीच आहेत.' घोषणा नाहीत, माईक नाही, झेंडा नाही. रिक्षास्टँड मोकळा, तिकीटखिडकीची वाट मोकळी. वीस मिनिटांत व्हॅन आली. स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे सांगते.

शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा सव्वासहा झाले होते. आईचा फोन लागत नव्हता, सगळ्यांचे फोन काढून घेतले होते. मी पोलीस ठाण्यात पोचेपर्यंत साडेसात. लाकडी बाकावर ओळीने नऊ जण बसलेले, आई कडेला, पदर खांद्यावरून घट्ट ओढून. ठाणे अंमलदाराला विचारलं, यांना अटक केलीय का? "नाही मॅडम, अटक कुठे, नुसतं ताब्यात घेतलंय." मग मी आईला घरी नेऊ का? "साहेब आले की सोडतो." म्हणजे अटक नाही, पण उठून जायची सोयही नाही.

तुमच्यापैकी जे कधी मोर्चाला गेलेत त्यांना हे पाठ असेल. अडुसष्टखाली नेलं, एकोणसत्तरखाली सोडलं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. कलम ६८ सांगतं की पोलिसांच्या वाजवी सूचना पाळा. न पाळणाऱ्याला हटवायचं, अडवायचं आणि बाब किरकोळ असेल तर प्रसंग टळल्यावर सोडून द्यायचं, हे कलम ६९. मॅजिस्ट्रेटसमोर जायला नको, आरोपपत्र नको. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण लागतं, वर महिला पोलीस अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. पण ही अटकच नाही म्हटल्यावर कसला सूर्यास्त! नातेवाइकाला कळवलं पाहिजे हे सुप्रीम कोर्टाने डी. के. बसू खटल्यात सांगितलंय, आणि ते अटकेइतकंच ताब्यात घेतलेल्या माणसालाही लागू आहे. मला कळवलं कुणी? काकूंनी.

हो, परवानगी घेतली नव्हती. जमावबंदीचा आदेश लागू होता असंही सांगितलं. असेल. पाच किंवा अधिक माणसांनी जमू नये असे आदेश या शहरात इतक्या वेळा निघतात की आदेश नसलेले दिवस कोणते ते शोधावं लागेल. लग्नाच्या वरातीला त्यातून सूट असते. नऊ म्हाताऱ्यांच्या गप्प उभं राहण्याला नसते.

आणि परवानगी मागितली असती तर काय उत्तर आलं असतं? आझाद मैदानात जा. उपनगरातून दीड तास जायचं, दीड तास यायचं, गुडघेदुखी घेऊन, आणि तिथे आखून दिलेल्या कोपऱ्यात उभं राहायचं, जिथे बघायला फक्त पोलीस. आई स्टेशनबाहेर उभी राहिली कारण स्टेशनवर माणसं असतात. निषेध माणसांना दिसावा म्हणूनच करतात ना?

पण मला खरा राग आलाय तो एका प्रश्नाचा. एक तरुण पीएसआय आईसमोर उभा राहून म्हणाला, "आजी, गाझा कुठे आहे माहितीय का? तुमचा काय संबंध? आपल्याकडे प्रश्न कमी आहेत का?"

आईने आयुष्यभर भूगोल शिकवला. तिने बसल्या बसल्या सांगितलं, भूमध्य समुद्राच्या काठाला, इजिप्तला लागून, मुंबईपेक्षा लहान आहे, आणि वीस लाखांवर माणसं राहतात. तो काही बोलला नाही. पण तिचा पुठ्ठा उचलून टेबलामागे टाकला. तिने पावती मागितली. पावती मिळाली नाही.

हा 'तुमचा काय संबंध' त्याने स्वतःच्या डोक्यातून काढलेला नाही. २०२५च्या जुलैमध्ये गाझासाठी आझाद मैदानात निषेध करायची परवानगी पोलिसांनी नाकारली, म्हणून डावे पक्ष मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने याचिका फेटाळली, आणि वर सुनावलं की कचरा, सांडपाणी, तुंबणारं पाणी असे आपल्या देशातले प्रश्न घ्या, देशभक्त व्हा. (परवानगीचा अर्ज एका संस्थेचा आणि याचिका पक्षाची, हा तांत्रिक मुद्दा होता. बरं, होता.) पुढच्याच महिन्यात परवानगी मिळाली, आझाद मैदानात निषेध झाला. काय बिघडलं?

मला सांगा, दुःख कशाचं करायचं हे आता ठाण्यात विचारून ठरवायचं का? एप्रिल २००३मध्ये, वाजपेयी पंतप्रधान असताना, आपल्या लोकसभेने इराकवरच्या हल्ल्याची निंदा करणारा ठराव केला. 'निंदा' हाच शब्द होता. तेव्हा संसदेला कुणी विचारलं नाही, तुमचा काय संबंध. आणि संविधानाच्या कलम १९मध्ये शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. त्यावर निर्बंध घालायला कारणं दोनच लिहिलीत : देशाची सार्वभौमता व एकात्मता, आणि सार्वजनिक सुव्यवस्था. परराष्ट्राशी मैत्रीचे संबंध हे कारण बोलण्याच्या हक्काला जोडलंय, मान्य. पण आई तर बोललीही नव्हती.

सोसायटीच्या ग्रुपवर संध्याकाळपासून चाललंय. 'या वयात काय गरज होती.' 'लंडनमध्येसुद्धा पकडतात, आपलंच काय घेऊन बसलात.' हो, पकडतात. ९ ऑगस्ट २०२५ला लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये एका दिवसात पाचशेवर लोकांना पकडलं, बहुतेकांचा गुन्हा हाताने लिहिलेला फलक धरून बसण्याचा, त्यातले निम्म्याच्या आसपास साठीच्या पुढचे. ज्या संघटनेला पाठिंबा लिहिला होता तिच्यावर तिथे बंदी होती, हे खरं. पण तारीख बघा. नऊ ऑगस्ट. क्रांतिदिन. इंग्रजांचं उदाहरण आम्हाला कुणी द्यावं, तर 'छोडो भारत'ची हाक दिलेल्या गवालिया टँकच्या शहरात राहणाऱ्या माणसांनी?

थांबते जरा. पाणी पिऊन आले.

आता नाव न लिहिण्याचं कारण. साडेआठला आईची रक्तदाबाची गोळी चुकायची वेळ आली. तिथल्या एका महिला शिपायाने स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी आईपुढे ठेवली, बाटलीतलं पाणी दिलं. हळूच म्हणाली, "मावशी, माझी पोरगी चार वर्षांची आहे. मी पण ते व्हिडिओ बघते." सकाळपासून ड्यूटीवर होती. परवाही बंदोबस्त, उद्याही बंदोबस्त. तिला त्रास व्हायला नको. तिच्यावर मी रागवू शकत नाही.

पण आईच्या दंडावर निळा वण आहे. व्हॅनमध्ये चढवताना कुणीतरी धरलं तिथे. मघाशी तेल चोळताना दिसला. कुणी धरलं विचारलं तर म्हणाली, गर्दीत कळलं नाही. गर्दी नव्हती गं आई. नऊ जण होतात तुम्ही.

पोलिसांना जमत नाही असं नाही. १९ डिसेंबर २०१९ला ऑगस्ट क्रांती मैदानात नागरिकत्व कायद्याविरुद्ध जमलेल्या हजारोंच्या गर्दीत मी होते. पोलिसांनी वाट करून दिली, लोक बोलले, गायले, शांतपणे घरी गेले. त्या रात्री मला या शहराचा आणि या पोलिसांचा अभिमान वाटला होता. म्हणून आज जास्त लागलं.

पावणेदहाला सोडलं. सही घेतली, कशावर ते नीट वाचूही दिलं नाही. रिक्षात आई एकदाच बोलली, "पुठ्ठा राहिला गं." आजोबा गिरणीत होते. नोव्हेंबर १९५५मध्ये फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा ते त्या गर्दीत होते. सरकारी माणसाने काही घेतलं की कागद मागायचा, हे त्यांनी तिला शिकवलं आणि तिने मला.

उद्या अकरा वाजता आम्ही दोघी परत जातोय. पुठ्ठा मागायला, आणि ठाण्यातल्या स्टेशन डायरीत आईच्या नावाची काय नोंद केलीय तिची प्रत मागायला. सोबत यायचं असेल तर मला मेसेज करा, पण दोघंच या. आमच्यासकट चारच्या वर जायचं नाही. कुणाच्या ओळखीचे वकील असतील तर नंबर रात्रीच पाठवा, मी जागीच आहे.