चिमण्यांच्या नावावर खपवलेले साडेचार कोटी मृत्यू

परवा भाची वही घेऊन आली. आठवीत आहे, शनिवारी शाळेत पर्यावरणावर भाषण. "मावशी, ऐक ना," म्हणाली आणि हातवारे करत सुरू झाली. तिसऱ्या वाक्याला मी चहाचा कप खाली ठेवला. "चिमण्यांच्या शापाने चीनमधील साडेचार कोटी लोक तडफडून मेले!" हे कुठून आणलंस, विचारलं. "आप्पांनी पाठवलं." आप्पा म्हणजे आमचे थोरले काका. त्यांना कुणी पाठवलं हे विचारण्यात अर्थ नाही. तो मेसेज गेली तीन-चार वर्षं मलाच वेगवेगळ्या ग्रुपवर डझनभर वेळा आलाय. वर चिमणीचा फोटो, खाली हात जोडलेले आणि "निसर्गाशी खेळू नका".

मेसेजचा सारांश असा. १९५८ साली माओला एक चिमणी दाणा टिपताना दिसली. त्याने देशातल्या सगळ्या चिमण्या मारायचा हुकूम सोडला. चिमण्या संपल्या, किडे माजले, किड्यांनी सगळं पीक खाल्लं. देशात धान्याचा कण उरला नाही, सरकार हतबल झालं, साडेचार कोटी माणसं मेली. शेवटी रशियातून अडीच लाख चिमण्या आणाव्या लागल्या. तरी आजही चीनमध्ये चिमणी दिसत नाही.

किरकोळ मुद्दे आधी उरकते. माओला चिमणी दिसली वगैरे चांदोबातली गोष्ट झाली. उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या या चार उपद्रवांचा नायनाट हा १९५६च्या शेती कार्यक्रमाच्या मसुद्यातच होता. चीनमध्ये आज चिमणी दिसत नाही हेही खोटं, बीजिंगच्या कुठल्याही बागेत ढिगाने दिसतात. रशियाच्या अडीच लाख चिमण्या? हा आकडा फिरवणारे पुष्कळ, मूळ कागद दाखवणारा कुणी नाही. आणि समजा आणल्या, मग? मेलेली माणसं त्याने परत येतात का?

आता जे खरं आहे ते कबूल करते, नाइलाजाने का होईना. चिमण्या खरोखर मारल्या. एप्रिल १९५८ मध्ये बीजिंगचे लोक तीन दिवस थाळ्या, डबे, ढोल बडवत छपरांवर उभे राहिले. पाखरांना बसूच द्यायचं नाही, दमून खाली पडेपर्यंत. सरकारी मोजणीत एकट्या बीजिंगमध्ये ४ लाखांवर चिमण्या गेल्या. झेंग झुओशिन नावाच्या पक्षीतज्ज्ञाने शेकडो चिमण्यांची पोटं फाडून दाखवलं होतं की पिल्लांच्या दिवसांत चिमणी किडे खाते. १९६० मध्ये सरकारने गुपचूप चिमणीचं नाव यादीतून काढलं आणि तिथे ढेकूण घातला. अलीकडे, २०२५ मध्ये, काही अर्थशास्त्रज्ञांनी जिल्हावार आकडे घेऊन हिशोब मांडला. चिमण्या मारल्यामुळे पिकं घटली आणि त्यातून जवळपास २० लाख जास्तीचे मृत्यू झाले असावेत, असं त्यांचं म्हणणं. २० लाख थोडे नाहीत. पण त्याच अभ्यासात असंही आहे की त्या घटीचा मार वाढवला तो सरकारच्या धान्यवसुलीने, म्हणजे शेतकऱ्यांकडून सक्तीने उचललेल्या धान्याने. मेसेजमध्ये वसुली हा शब्द शोधून दाखवा.

आता ज्या वाक्याने माझं डोकं फिरलं ते. "धान्याचा कण उरला नाही, सरकार हतबल झालं."

कण उरला नाही? १९५९ साली चीनचं धान्य उत्पादन सुमारे १७ कोटी टन होतं. आदल्या वर्षी सुमारे २० कोटी. म्हणजे घट होती आणि मोठी होती. पण त्या १७ कोटींतून सरकारने ६ कोटी ७० लाख टनांच्या वर उचललं, आधीच्या वर्षांपेक्षा जास्त. आणि त्याच वर्षी सुमारे ४२ लाख टन धान्य परदेशी विकलं. माणशी वर्षाला २०० किलो धरा, दोन कोटींवर माणसांचं वर्षभराचं जेवण होतं ते. किडे बोटीत धान्य भरत नाहीत.

हे का झालं, तर खोट्या आकड्यांमुळे. ऑगस्ट १९५८ मध्ये पीपल्स डेली या पक्षाच्या मुखपत्राने हुबेई प्रांतातल्या माचेंगची बातमी छापली : एका मूला ३६,९०० जिन भात. आपल्या हिशोबात सांगते. जिन म्हणजे अर्धा किलो, आणि एकरात साधारण सहा मू बसतात. म्हणजे एकरी अकराशे क्विंटलच्या वर! आमच्याकडे एकरी वीस क्विंटल भात झाला तर माणूस पेढे वाटतो. पुष्कळ खाचरांतली तयार रोपं उपटून एकाच खाचरात खचाखच रोवायची आणि फोटो काढायचा, असला तो प्रकार. एका गावाने एवढं सांगितलं की शेजारचं त्याहून जास्त सांगणार. वरून मागणी आली ती या आकड्यांवर. पीक नाही म्हणालात, तर पीक आहे, तुम्ही लपवलंय. मग झडत्या, मारहाण, बियाण्यापर्यंत सगळं जप्त. घरात चूल पेटवायची नाही, सामुदायिक खानावळीतच जेवायचं. पोलाद वाढवायच्या सरकारी मोहिमेत घरची भांडी गावठी भट्ट्यांत वितळवलेली. शेतावरची माणसं त्या भट्ट्यांवर लावल्यामुळे १९५८चं चांगलं पीक कित्येक ठिकाणी शेतातच कुजलं. ह्यात चिमणी कुठे आहे?

आणि हतबल? हे सगळं मी ज्याच्या भरवशावर लिहितेय तो माणूस पाश्चात्त्य नाही, चीनचा शत्रूही नाही. यांग जिशेंग, शिन्हुआ या सरकारी वृत्तसंस्थेत आयुष्य काढलेला पत्रकार, स्वतः कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य. पत्रकार म्हणून असलेल्या ओळखीपाळखीवर तो वर्षानुवर्षं प्रांतोप्रांतीची दफ्तरं उपसत राहिला. धान्य धोरणाचा इतिहास लिहितोय, असं सांगायचा. त्याचं 'समाधीचा दगड' या अर्थाच्या नावाचं पुस्तक २००८ मध्ये हाँगकाँगला छापलं गेलं. मुख्य भूमीवर त्याला बंदी आहे. त्याचा आकडा ३ कोटी ६० लाख. साडेचार कोटी हा दुसऱ्या एका इतिहासकाराचा आहे, इतरांचे त्याहून कमीही आहेत. ती भांडणं अभ्यासकांची.

पुस्तकाची सुरुवात शिन्यांगपासून आहे. हेनान प्रांतातला ऐंशी लाख वस्तीचा भाग, त्यातले सुमारे दहा लाख मेले. सरकारी कोठारांत धान्य होतं. ते उघडलं नाही. भुकेले लोक बाहेर पडू नयेत म्हणून रस्त्यांवर पहारे बसवले. बाहेर जाणारी हजारो पत्रं टपाल कचेरीतच अडवली. ज्याला काही माहीत नसतं तो पत्रं अडवत नाही. जुलै १९५९ मध्ये संरक्षणमंत्री पेंग देहुआईने लुशानला भरलेल्या पक्षाच्या बैठकीत माओला पत्र लिहून हळूच सांगून पाहिलं. त्याचं पद गेलं, आणि मग खालच्या कुणाचीही खरा आकडा बोलायची छाती झाली नाही. भुकेचा सगळ्यात वाईट काळ त्याच्यानंतरचा आहे.

मला त्या पुस्तकातला एक प्रसंग विसरता येत नाही. एप्रिल १९५९. यांग शाळेत, वसतिगृहात, पक्षाच्या कौतुकाची भित्तिपत्रकं लिहीत होता. गावचा मित्र धावत आला, तुझ्या वडिलांची उपासमार होतेय म्हणाला. (खरे तर काका, पण त्यांनीच वाढवलेलं.) हा खानावळीतून आपल्या वाट्याचा तांदूळ घेऊन घरी पळाला. दारातल्या झाडाची साल सोलून खाल्लेली. वडिलांच्या हाताची नुसती हाडं. भात शिजवला, पण त्यांना गिळता येईना. तिसऱ्या दिवशी गेले. आणि हा पोरगा कित्येक वर्षं समजत राहिला की हे फक्त आपल्या घरचं दुर्दैव आहे, देश पुढेच चाललाय.

चिमण्या तर सगळीकडे मारल्या होत्या. मग आन्हुई, सिचुआन, हेनानमध्ये एवढी माणसं का मेली आणि शांघायसारख्या शहरात का नाही? कारण शहरांचं रेशन आधी भरायचं होतं. सिचुआन स्वतः उपाशी असताना तिथून दुसऱ्या प्रांतांना धान्य जात होतं.

माझी आजी १९७२च्या दुष्काळाचं सांगायची. विहिरी आटल्या, खडी फोडली, लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरेना. पीक बुडालेलंच होतं. पण कामं निघाली, रेशन आलं, पेपरांत बोंब झाली, आमदार तोंड लपवत फिरले. पीक बुडणं आणि माणसं मरणं यांच्यामध्ये बरंच काही असतं, ते आजीला कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

गंमत म्हणजे आप्पांचा तो मेसेज चीनवर दात ओठ खाऊन लिहिलेला आहे. आणि चिनी पक्षाने त्या काळाला वर्षानुवर्षं दिलेलं नाव काय? 'तीन वर्षांच्या नैसर्गिक आपत्ती'. म्हणजे निसर्गाचाच सूड! पक्षाची सबब आपण फुकटात, हात जोडून, मराठीत पसरवतोय. १९६२ मध्ये लिऊ शाओचीने, तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षाने, भर परिषदेत हुनानच्या शेतकऱ्यांचं म्हणणं सांगितलं होतं : तीन हिस्से निसर्ग, सात हिस्से माणूस. आपल्या फॉरवर्डवाल्यांपेक्षा तो बरा.

भाचीने शाप काढला. चिमण्या ठेवल्या, वीस लाखांसह, ते मीच म्हटलं. आता कोठाराचं वाक्य घालायचंय, पण भाषण तीन मिनिटांचं. त्यासाठी सुरुवातीचा सुविचार काढावा लागेल, आणि त्याला तिच्या बाई तयार नाहीत.