दान करायचंय? आधी फडताळ उपसा

गरजूंना वाटायला धान्य गोळा करणाऱ्या धान्य बँकेला काय द्यावं असा प्रश्न पडला, तर कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या धान्य बाजाराकडं अजिबात फिरकू नका. तिथं पैसे पडतात. स्टूल घ्या आणि स्वयंपाकघरातलं वरचं फडताळ उघडा. गेल्या दिवाळीत कुणीतरी दिलेल्या खोक्यातली कस्टर्ड पावडर, रबर लावून ठेवलेली उपवासाची भाजणी, पोरानं एकदाच तोंड वाकडं करून खाल्लेले ओट्स, पाऊण बाटली सोया सॉस. घर आवरून होतं, पुण्यही पदरात पडतं. तांदळात टोके झालेत? असू देत की. गरिबाला निवडायची सवय असते, असं आपण आधीच ठरवलेलं आहे.

तारखांचा फार बाऊ करू नका. ‘बेस्ट बिफोर’ उलटली की चव आणि कस उतरतो आणि ‘यूज बाय’ उलटली की खायचंच नसतं, हा फरक शिकत बसलात तर एक पाकीट देऊन व्हायचं नाही. छापलेल्या तारखेवर अंगठा जरा जोरात घासा. पुढचं बघायला तिकडं बायका बसलेल्या असतात. चष्मा कपाळावर चढवून, पाकीट उजेडाकडं धरून एकेक तारीख वाचतात आणि तुमचं दान कोपऱ्यातल्या निळ्या पिंपात टाकतात. महानगरपालिकेची घंटागाडी ते घेऊन जाते. म्हणजे तुमचा कचरा गाडीत पडतोच, फक्त वाटेत तुमच्या नावाची पावती फाटते.

खरं दान करायचं तर पूर लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा आणि ४३ वर धोका. इशाऱ्याला हलू नका, इशाऱ्याला कोण टाळ्या वाजवतंय? २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा सगळा महाराष्ट्र हलला. हायवे बंद, ट्रकांची रांग, आणि पाणी उतरायला लागल्यावर जे काही आलं ते आलं. त्या दिवसांत मी एका मंगल कार्यालयात पाकिटं भरत होतो. बिस्किटं इतकी, की पोरांनी पुडे एकावर एक रचून क्रिकेटच्या स्टंपा केल्या. जुन्या कपड्यांच्या एका गठ्ठ्यात शेरवानी निघाली. सोबत मोजडी. एकच.

आणि गहू. पोत्यानं गहू. देणाऱ्यानं मनापासून दिला होता, उगाच खोटं कशाला बोला. पण गावात लाईट नव्हती, म्हणून गिरण बंद. चिखलीकडची एक बाई त्या पोत्याकडं बघत म्हणाली, “ह्याचं काय करू? चावू?” तिला पाहिजे होतं मीठ आणि काडेपेटी. दोन्ही मिळून तीसेक रुपयांचा माल, पण दोन दिवस आला नाही. मिठाच्या पुड्यासोबत फोटो बरा येत नाही, दुसरं काय.

तेव्हा काय पाहिजे ते कधीही विचारू नका. विचारलं की यादी येते. यादीत तेल, डाळ, मीठ, चहापूड, अंगाचा साबण, सॅनिटरी पॅड असलं काहीतरी असतं आणि तुमच्या फडताळातलं एकही नसतं. उगाच मन खट्टू होतं.

कुणी म्हणालंच की रोख द्या, आम्ही घाऊक दरानं जास्त माल आणतो, तर ताबडतोब संशय घ्या. पैसे दिले आणि खाल्ले तर? इथं आयकराचा मुद्दा काढावा. पण जपून. कारण देणगीवरची करसवलत वस्तूंवर मिळतच नाही, ती पैशांवर मिळते, तीही रोख दोन हजारांपर्यंतच, त्यापुढं चेक नाहीतर ऑनलाईन. आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर विषयच संपला. एवढं माहीत असलेला कुणी समोर निघाला तर “बघू नंतर” म्हणून गाडीला किक मारा.

“रेशनवर फुकट मिळतंय की सगळं,” हे वाक्यही खिशात असू द्या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदयवाल्या कुटुंबाला ३५ किलो. त्या धान्यावर घालायचं तेल, तिखट, मीठ आणि शिजवायला लागणारा गॅस त्यात येत नाही, असं कुणी सुचवलं तर लगेच ‘आजकाल कामाला माणसंच मिळत नाहीत’वर या. कोल्हापुरात हा विषय दोन तास सहज चालतो.

लग्नातलं उरलेलं जेवण ही तर पर्वणीच. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याचे २०१९ चे केंद्राचे नियम आहेत. ते राहू द्या. दुपारी पंगत उठल्यावर काही बोलू नका. भात पातेल्यात झाकून, उबेत घाम फुटेपर्यंत ठेवा. रात्री साडेअकराला फोन करा, “दोनशे माणसांचं जेवण हाय, लगेच गाडी पाठवा, हॉल रिकामा करायचाय.” त्यांनी झाकण काढून वास घेतला आणि नको म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी चौकात सांगायला मोकळे, की लोकांना भूकच राहिली नाही.

आता श्रमदान. रविवार निवडा, सकाळी मिसळ झाल्यावर. निदान बाराजण तरी या, एकसारखे टी-शर्ट घालून. दहा किलोचं एक पाकीट सहाजणांनी धरायचं, उरलेल्या सहांनी खांद्यावर हात ठेवायचे. खरं काम मंगळवारी दुपारी दोनला असतं, पत्र्याच्या गोदामात. डाळ चाळायची, तेलाच्या पिशव्या गळतात का दाबून बघायचं, जुना माल पुढं आणि नवा मागं लावायचा. तिथं पंखा एकच आणि तोही धान्याच्या पोत्यांकडं वळवलेला. जाऊ नका.

२६ जूनला, शाहू जयंतीला मात्र बॅनर लावायला विसरू नका. शाहू महाराजांनी १८९६-९७ च्या दुष्काळात स्वस्त धान्याची दुकानं उघडली होती. आपण त्यांच्या फोटोखाली आपला फोटो उघडू. आकार थोडा मोठा.

वाटप शक्यतो सरकारी दवाखान्याच्या बाहेर ठेवा. तिथं पेशंटचे नातेवाईक उन्हात बसलेलेच असतात, माणसं जमवावी लागत नाहीत. मागं असंच एकदा वाटप चाललं होतं. गगनबावड्याकडून आलेली एक आजी, डोक्यावर पदर, पायांशी कापडी पिशवी. मालक वॉर्डात, आठवा दिवस. तिच्या हातात पिशवी ठेवली, चौघांनी मागून हात लावले. तिनं लगेच आत हात घालून एक पाकीट बाहेर काढलं. पिवळं, कोपरे मऊ पडलेलं, वर फळांच्या वाडग्याचं चित्र.

“हे काय असतंय रं बाळा?”

“कस्टर्ड, आजी. दुधात कालवून शिजवायचं. गोड असतंय, लई भारी लागतंय.”

आजीनं पिशवी पुन्हा चाचपली. तळापर्यंत.

“आन् दूध?”

“आजी, हिकडं बघा की,” मोबाईलवाला म्हणाला. “पाकीट जरा वर धरा. नाव दिसंना.”